धक्क्याच्या पायऱ्या मोजा

प्रश्न : खाडीकाठी आमची द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली ते चौथी मिळून 19 मुलं. प्रयोगाचं साहित्य जवळजवळ नाहीच. मुलांना विज्ञान हाताने कसं करायला देऊ?
— एक शिक्षिका, गुहागर तालुका

उत्तर : बाई, गावात होड्या लागायचा धक्का असेलच. त्याच्या पायऱ्या ही तुमची मोजपट्टी. खाडीकाठच्या शाळेत 31 वर्षं शिकवताना मी दरवर्षी मुलांना तिथे नेत असे.

पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की प्रतिपदेला सुरुवात करा. आपल्याकडचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. चारही दिवस भरती शाळेच्या वेळात! हा हिशोब मुलांना आधी सांगू नका. रोज निघताना प्रत्येकाचा अंदाज फळ्यावर लिहा. धक्क्यावर दर दहा मिनिटांनी कोरड्या पायऱ्या मोजायच्या, पाणी चढायचं थांबलं की वेळ टिपायची. मुलं वरच बसतील. खाली शेवाळ फार निसरडं असतं. दोन पालक सोबत हवेतच.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने मोजता मोजता विचारलं, "गुरुजी, कालवं ह्या पायरीपर्यंतच का चिकटलीत?" मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "वर रोज पाणी पोचत नाही, ती सुकून मरतील." तो दिवस मी विसरलेलो नाही.

चार दिवसांनी वेळा मांडा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकलेली दिसेल. आता अंगणात एकाला पृथ्वी करा, दुसऱ्याला चंद्र. पृथ्वीने जागेवर एक गिरकी घ्यायची, तेवढ्यात चंद्राने दोन पावलं पुढे जायचं. चंद्र पुन्हा समोर यायला गिरकी थोडी जास्त घ्यावी लागते. तीच ती 50 मिनिटं. मग पाऊणपटीचा हिशोब सांगा आणि त्यांच्या नोंदींशी ताडून बघायला लावा. खाडीत आतवर भरती उशिरा पोचते, त्यामुळे फरक पडेल. त्यावर मुलांना भांडू द्या.

पावसाळ्यात धक्का नको. तेव्हा वर्गात आमसुलं भिजवा. त्या पाण्यात खायचा सोडा टाकला की लाली जाते, लिंबू पिळलं की परत येते.

आणि अष्टमीला संध्याकाळी सहाच्या सुमारास, पालकांसोबत, पायऱ्या पुन्हा मोजा. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती किती पायऱ्या कमी चढली, ते मला नक्की कळवा.