चिठ्ठीनं आलेल्या मेंबरबाईस

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी कपिलतीर्थ मंडईत मेथीची पेंढी निवडत होतो. गलक्यात निम्मं ऐकूच आलं नाही. शेवटचं वाक्य तेवढं कानात राहिलं, "काका, सगळे मला चिठ्ठीची मेंबर म्हणतात." फोनवर काय बोलणार, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुम्हा दोघांना मतं सारखी पडली, दोन चिठ्ठ्या डब्यात टाकल्या, शाळेतल्या पोरानं एक उचलली आणि ती तुझी निघाली. पारावर बसणाऱ्यांच्या मते तू नशिबानं आलीस, लोकांनी काही निवडून दिलं नाही. त्या पारावरच्या शहाण्यांना सांग, आपण ग्रीसमधल्या ज्या अथेन्सला लोकशाहीचं माहेर म्हणतो, तिथं बहुतेक कारभारी चिठ्ठीनंच येत. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीस नावाच्या पुढाऱ्यानं तिथल्या लोकांची दहा गटांत नव्यानं वाटणी केली. जुन्या भावक्या मोडाव्यात म्हणून एकेका गटात शहरातली, किनाऱ्यावरची आणि आतल्या मुलखातली वस्ती मिसळून टाकली. गटामागे पन्नास असं पाचशे जणांचं मंडळ, आणि त्याची निवड पुढं सोडतीनं होऊ लागली. पांढरे नि काळे दाणे काढायचे, पांढरा निघाला त्याचा नंबर लागला. मुदत एक वर्ष. जन्मात दोनदापेक्षा जास्त वेळा कुणाला त्या मंडळात बसता येत नसे. त्यातला एक जण रोज चिठ्ठीनं त्या दिवसाचा अध्यक्ष व्हायचा. राज्याची मोहोर आणि खजिन्याच्या किल्ल्या एक रात्र नि एक दिवस त्याच्याकडं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याकडं.

न्यायदानाला बसणाऱ्यांसाठी तर त्यांनी पुढं दगडाचं यंत्रच केलं. उभ्या शिळेत खाचांच्या रांगा, खाचांत नावं कोरलेल्या काशाच्या पट्ट्या खोचायच्या, बाजूच्या नळीतून पांढरी किंवा काळी गोटी पडायची. पांढरी पडली की ती आख्खी रांग कामावर, काळी पडली की घरी. आधी कुणाला जेवायला घालून, गाडीत घालून आणायची सोयच नाही. आपल्याकडच्या साखर कारखान्याच्या निवडणुका बघितलेल्या माणसाला त्या दगडाचा हेवा वाटतो बघ.

अॅरिस्टॉटल तर म्हणायचा, की चिठ्ठी ही लोकशाहीची रीत आणि निवडणूक ही मूठभरांच्या राज्याची. निवडणुकीत नाववाला, घराणंवाला, पैसेवाला पुढं जातो हे त्याला तेव्हाच दिसलं होतं. तरी अथेन्सवालेही सगळंच चिठ्ठीवर सोडत नव्हते. दहा सेनापती हात वर करून निवडायचे, कारण लढाईत अडाणी माणूस परवडत नाही. आणि आणखी एक पद निवडणुकीचं होतं, झरे-विहिरी सांभाळणाऱ्याचं! पाणीपुरवठा हे जाणत्याचं काम आहे, हे त्यांना अडीच हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. तुझ्या गावात मोटार जळली की कुणाच्या मेव्हण्याला बोलावतात, ते तूच सांग.

पण पोरी, चिठ्ठीचं कौतुक इथवरच. चिठ्ठी निघाली म्हणून ते कुणाला मोकळं सोडत नव्हते. पदावर बसण्याआधी चौकशी व्हायची, हा नागरिक आहे का, आईबापाला नीट सांभाळतो का. आणि पद सोडताना हिशेब. पैशाचा वेगळा आणि वागणुकीचा वेगळा. कुणीही नागरिक लेखी तक्रार देऊ शकायचा. हिशेब मंजूर होईपर्यंत त्या माणसाला देश सोडता येत नसे, इतकंच काय, आपली मालमत्ता देवाला वाहताही येत नसे. हे मला फार आवडतं. आपल्याकडं आधी देवळाला कळस चढवतात, मग हिशेब कोण विचारतोय?

त्यांचे दोषही सांगतो, नाहीतर पारावरचं एखादं पोरगं मोबाईलवर बघून तुला पेचात पकडंल. तिथं बाईला मत नव्हतं, गुलामाला नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या परक्यालाही नव्हतं. तू अथेन्समध्ये असतीस तर ना डब्यात तुझी चिठ्ठी, ना सभेत तुझं बूड. आणि सगळ्या नागरिकांच्या सभेला वाटेल ते करता यायचं. इ.स.पू. ४०६ मध्ये आरमारी लढाई जिंकून आलेल्या सेनापतींवर ते उलटले. वादळात बुडणाऱ्या खलाशांना वाचवलं नाही, हा आरोप. आठही जणांचा निकाल एकगठ्ठा एका मतानं लावला आणि हाती लागलेल्या सहा जणांना मारलं. त्या दिवशी सभा चालवणाऱ्या अध्यक्षमंडळात सॉक्रेटिस होता, तोही चिठ्ठीनंच आलेला. हे कायद्याला धरून नाही म्हणून तो एकटा अडून बसला. पुढं लोकांना पस्तावा झाला, पण मेलेले काही उठले नाहीत. आज विधानसभा कायदा करते, सरकार तो राबवतं आणि न्यायालय दोघांना अडवू शकतं, ही कटकट कशासाठी असं कुणी विचारलं की मी हीच गोष्ट सांगतो.

आणि इथंच तुझं पहिलं काम येतं. मासिक सभेत एखादा ठराव पटला नाही तर भांडू नकोस, रुसून उठूनही जाऊ नकोस. "माझा विरोध प्रोसिडिंगला नोंदवा", म्हणजे सभेच्या नोंदवहीत लिहा, एवढंच म्हण आणि नोंदवलेलं वाचल्याशिवाय सही करू नकोस. कोऱ्या पानावर तर मुळीच नाही. "ताई, सही करा, मजकूर मागनं लिहितो" असं गोड बोलणारा भेटणारच. मी स्वतः ते गोड बोललेलो आहे.

हे कुणाला सांगितलं नव्हतं. ग्रामसेवक म्हणून नवा होतो. ग्रामसभेला कोरम, म्हणजे कमीत कमी हजेरी, लागतो मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो कमी असेल तो. ऊसतोडीचे दिवस, दवंडी दिली तरी सभेला आले एकोणतीस जण. नियमानं सभा तहकूब करायची. तहकूब सभेला कोरमची अट नसते, त्यामुळं अडलंही नसतं काही. पण साहेबांचा फोन होता, ठराव आजच पाहिजे. मी आणि शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन रात्री घरोघर हिंडलो. बायका पीठ मळता मळता हात पुसून सह्या करत होत्या, कशावर ते एकीनंही विचारलं नाही. ठराव पाण्याच्या टाकीच्या जागेचा होता. टाकी अशा सखल जागी झाली, की वरच्या गल्लीला पाणी चढेना. त्याच बायका पुढं किती वर्षं घागरी घेऊन खालच्या आळीला येत राहिल्या. मला बघून राम राम घालायच्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अथेन्समध्येही माणसं सभेला यायची नाहीत. बाजारात गप्पा छाटत उभी राहायची. मग तांबड्या रंगात बुडवलेला दोर धरून त्यांना टेकडीवरच्या सभेकडं हाकायचे, ज्याच्या अंगरख्याला रंग लागला त्याची फजिती. पुढं पुढं तर हजेरीचे पैसे सुरू केले. दोर काही तुला परवडायचा नाही. पण ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती खरोखर घे. कागदावर ती सगळीकडंच होते. दुपारी तीनला ठेव, भांडी आवरलेली असतात. विषय एकच ठेव, पाणी.

कोल्हापूरला येशील तेव्हा बिंदू चौकात थांब. बाबासाहेबांचा तिथला पुतळा १९५० चा, ते हयात असतानाचा. त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना ग्रोट या ग्रीसच्या इतिहासकाराचा दाखला दिला होता. राज्यघटनेशी इमान राखायची वृत्ती माणसात उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच भाषणात खेड्यांबद्दल ते फार कडवट बोलले. तीस वर्षं खेड्यात नोकरी करून मला ते खोडता आलेलं नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीनं तुझ्या पंचायतीला घटनेत जागा दिली आणि बाईची जागा राखली, पण सभेत बोलायला तोंड तुलाच उघडावं लागणार.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला मी येतोय. सकाळची एसटी धरतो, मागच्या सतरंजीवर बसेन, मध्ये बोलणार नाही. मागच्या सभेचं प्रोसिडिंग आधी वाचून दाखवायला लाव. ते टाळायला बघतील, "वाचलं असं समजा" म्हणतील. तू म्हणायचं, वाचा.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका

ता. क. घरपट्टीची थकबाकी कुणाकुणाची, ती यादी सभेआधी मागून घे. पहिल्या पाच नावांत दोन मेंबर निघतील. आपल्या घराचं नाव त्यात नाही ना, ते आधी बघ.