वाचक विचारतात: कुत्र्यांची स्लेज चालवायला एका दिवसात जमेल का?

प्रश्न: फेब्रुवारीत मी आणि मिस्टर मुलीकडे नॉर्वेला जातोय. ट्रॉम्सोला तिने आमच्यासाठी हस्की कुत्र्यांची स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरणारी गाडी, बुक केलीय, तीही स्वतः चालवायची! मी ५२ वर्षांची, आयुष्यात स्कूटीपलीकडे काही चालवलं नाही. जमेल का? आणि आपल्या मजेसाठी त्या मुक्या जिवांना राबवणं बरोबर आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ताई, नक्की जमेल. मी तिकडे राहते आणि तीन हिवाळे हेच शिकतेय, म्हणून सांगते.

गाडी हाकायची म्हटलं की आपल्याला आधी बैलाचा कासरा आठवतो, पण स्लेजला कासरा नाही, लगाम नाही, हातात फक्त एक दांडा आणि बाकी सगळं तोंडाने. 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे, 'वो' म्हणजे थांब. पण पहिल्या दिवशी तेही फारसं लागत नाही कारण पुढे गाईडची स्लेज असते आणि तुमची कुत्री तिच्यामागे जातात. तुम्हाला शिकायचाय तो ब्रेक. स्लेजच्या खालच्या दोन घसरपट्ट्यांवर मागे उभं राहायचं, मध्ये लोखंडी दात असलेला ब्रेक असतो, त्यावर पाय दाबला की दात बर्फात रुततात. उतारावर तो हलका दाबूनच ठेवायचा, नाहीतर दोरी सैल पडते आणि स्लेज सगळ्यात मागच्या जोडीच्या पायांवर जाऊन आदळते. चढावर उलटं, खाली उतरून ढकलायचं. नाही ढकललं तर मागची कुत्री मान वळवून तुमच्याकडे बघतात, खरंच बघतात!

आणि काहीही झालं तरी दांडा सोडायचा नाही. पडलात तरी नाही. मी शिकायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी एका वळणावर पडले, हात सुटला, आणि पाच कुत्री रिकामी स्लेज घेऊन निघून गेली. गाईडने पुढे अडवली तेव्हा एका कुत्रीचा पाय दोरीत अडकला होता, दोन दिवस लंगडत होती बिचारी. मला अजून वाईट वाटतं त्याचं. थांबल्यावरसुद्धा लोखंडी हुक बर्फात पायाने दाबून रोवायचा आणि गाईड सांगेपर्यंत ब्रेकवरून पाय काढायचा नाही, कारण कुत्री कधीही सुटू शकतात.

आता राबवण्याचं. निघायच्या आधी तुम्ही घाबराल इतका गोंगाट असतो, भुंकणं, रडणं, जागच्या जागी उड्या, दोऱ्या चावणं. आणि हुक काढला की दहा पावलांत सगळं गप्प, फक्त पंजांचा आवाज आणि पट्ट्यांची सरसर. पळायला मिळावं म्हणूनच तो आरडाओरडा होता हे तेव्हा कळतं. पिढ्यान् पिढ्या ही कुत्री याच कामासाठी वाढवलीत. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध पोचवलं ते कुत्र्यांच्याच स्लेजनी, २० चालक, जवळजवळ १,०८५ किलोमीटर, साडेपाच दिवसांत. नाव बाल्टो या कुत्र्याचं झालं पण सगळ्यात लांबचा टप्पा टोगो या दुसऱ्या कुत्र्याने काढला, हे मी प्रत्येकाला सांगते.

पण सगळ्या ठिकाणी सारखीच काळजी घेतात असं नाही, त्यामुळे डोळे उघडे ठेवा. अंगावर मांस आहे का, पंजे तपासतात का, माणूस जवळ आला की कुत्रं शेपूट हलवतं की दबकतं? म्हातारी कुत्री कुठे जातात तेही बिनधास्त विचारा, चांगला मालक मनापासून सांगतो. आणि थंडीची काळजी तुम्हाला, त्यांना उलट उकाड्याचा त्रास. तापमान शून्याच्या वर गेलं की ती धापा टाकतात, धावता धावता बर्फ खातात, तेव्हा गाईड सारखा थांबला तर कुरकुर करू नका.

कपड्यांचं म्हणाल तर आतून लोकर, सुती अजिबात नको, घामाने ओलं होतं आणि मग हुडहुडी भरते. वरचा जाड सूट आणि बूट बहुतेक ठिकाणी तेच देतात. मिस्टरांना आधी स्लेजमध्ये बसवा, अर्ध्या वाटेवर अदलाबदल करा. परत आल्यावर हार्नेस (कुत्र्यांच्या अंगावरचे ओढायचे पट्टे) काढायला हात लावू का असं विचारा, बहुतेक हो म्हणतात. हातमोजे काढूनच करा ते काम, मानेखालच्या केसांत बोटं घातली की किती ऊब असते बघा.