छठला रजा का द्यायची?

(नोकरीतले प्रश्न घेऊन येणाऱ्या वाचकांसाठीचं सदर. लेखिका भोसरी-चिंचवड परिसरातल्या कारखान्यांत कामगार कल्याण अधिकारी होत्या.)

प्रश्न : बाणेरच्या एका कंपनीत मी ग्राहकसेवेची टीम सांभाळतो. काम वर्षाचे ३६५ दिवस चालतं. निम्मी टीम मराठी, बाकीचे बिहार, केरळ, बंगालचे, दोघे मुस्लिम. दिवाळी आली की रजेवरून भांडणं ठरलेली. गेल्या वर्षी बिहारच्या मुलाने छठपूजेसाठी आठवडाभर रजा मागितली. बाकीचे म्हणाले, ‘आत्ताच दिवाळी झाली ना?’ मी नाही म्हटलं. पुढे त्याने नोकरीच सोडली. एचआरवाले म्हणतात, विविधता ही आपली ताकद आहे. मला तर ती डोकेदुखी वाटते. — एक टीम लीड

उत्तर : डोकेदुखी आहेच, नाही कशाला म्हणू? सगळ्यांचा सण एक, जेवण एक, भाषा एक असेल तर रजेचा तक्ता दहा मिनिटांत होतो. फक्त तुमच्याकडे सगळेच मराठी असते तर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन कोणी उचलले असते, तेही बघा.

आता कॅलेंडर काढा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, पाडवा कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, भाऊबीज द्वितीयेला. छठ सुरू होते चतुर्थीला, ‘नहाय-खाय’ने, म्हणजे आंघोळ करून सात्त्विक जेवणाने. पंचमीला खरना (दिवसभर उपास, रात्री खीर खाऊन सोडायचा), षष्ठीला मावळत्या सूर्याला अर्घ्य, सप्तमीला उगवत्या. व्रत बहुधा घरातली आई करते, खरन्याच्या रात्रीनंतर पाण्याचा थेंबही न घेता. ठेकुआ (कणीक-गुळाचा तळलेला प्रसाद) आणि फळांनी भरलेली टोपली डोक्यावर घेऊन घाटावर जायचं ते घरच्या पुरुषाने. त्या दिवशी मुलगा पुण्यात हेडफोन लावून बसलेला असेल तर त्या घरात काय वाटत असेल, हे भाऊबीजेला बहिणीकडे न गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बिहारमध्ये दिवाळी करत नाहीत असं नाही. पण दोन्हींतलं एक निवडा म्हटलं तर बहुतेक जण छठच निवडतील.

म्हणजे तुमच्या हातात आयती अदलाबदल होती. त्याने लक्ष्मीपूजन आणि पाडवा सांभाळायचा, भाऊबीजेला गाडी पकडायची. मराठी मंडळी भाऊबीज करून परत येणार आणि पुढचा आठवडा बघणार. पुणे ते पाटण्याजवळचं दानापूर या रेल्वेप्रवासात एक दिवसाहून जास्त वेळ जातो, म्हणून त्याला दोन दिवसांची नव्हे, आठवड्याचीच रजा लागते. त्यात तो चैन करत नाही.

आणखी एक गोष्ट टीम लीडच्या लक्षात येत नाही. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं. भाऊबीजेच्या गाडीचं आरक्षण साधारण गणपतीच्या सुमाराला सुरू होतं आणि बघता बघता वेटिंग लागतं. ‘दिवाळी जवळ आली की बघू’ असं तुम्ही म्हणालात तर रजा मंजूर होऊनही तो पोचणार नाही. छठची रजा गणपतीच्या आत मंजूर करा, लेखी.

कायदाही इथे तुमच्या बाजूने आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. बहुतेक ठिकाणी हे ‘मिळून’ म्हणजे मागच्या वर्षीचा कागद, वरची तारीख बदलून. आणि हात वर करून मतं घेतलीत तर चारही सुट्ट्या गणपती-दसरा-दिवाळीत जाणार, हे मतं मोजायच्या आधीच सांगते. म्हणून मत घेऊ नका. डिसेंबरात प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या : वर्षातला कोणता एक दिवस काही झालं तरी सोडणार नाही? केरळचा माणूस तिरुवोणम (ओणमचा मुख्य दिवस) लिहील, बंगालची मुलगी दुर्गापूजेतली अष्टमी. कोणी मुलाचा वाढदिवस लिहील, तोही चालतो. त्या चिठ्ठ्यांवरून तक्ता करा. ईद तेवढी चंद्रावर. ती ज्या दोन दिवसांपैकी एका दिवशी येऊ शकते, त्या दोन्ही दिवसांसाठी बदली माणूस आधी नेमून ठेवा, आदल्या रात्री धावपळ नको.

एवढं करूनही कुरबुर राहील. ‘महाराष्ट्रात राहता ना, मग इथले सण पाळा’ असं म्हणणारा एखादा असतोच. त्याला पाडव्याच्या दिवशी त्याची शिफ्ट कोण करतंय ते दाखवा.

प्रश्न : ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात एक बंगाली मॅडम डब्यातले मासे मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात. तक्रारी झाल्या आणि ‘पँट्रीत मांसाहार आणू नये’ अशी नोटीस लागली. मला ते बरोबर वाटत नाही. — एक वाचक

उत्तर : मी मालवणची, त्यामुळे माझं मत तुम्हाला ठाऊक असणार. तुमच्या ऑफिसात सुकट, बोंबील, सोडे खाणारी मराठी माणसं कमी नसतील. त्यांनी डबा गुपचूप जागेवर खायला सुरुवात केली असेल, एवढंच. तरीही वासाची तक्रार खोटी नाही. बंद काचेच्या खोलीत तो दुपारभर रेंगाळतो. उपाय दुसरा मायक्रोवेव्ह आणि चालणारा एक्झॉस्ट फॅन. नोटिशीपेक्षा महाग पडतात, म्हणूनच नोटीस लागते.

एक सूचना : नवरात्रात हा विषय काढू नका. ज्या दिवसांत इथे साबुदाणा चालू असतो, त्याच दिवसांत बंगाल्यांच्या पूजेत मटण शिजतं. दोघंही देवीचंच करत असतात, पण त्या आठवड्यात कोणी ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नसतं.

प्रश्न : मी कोल्हापूरची, बेंगळुरूला नोकरीला. आम्ही चौघं जेवताना मराठीत बोलतो, यावर कन्नड सहकाऱ्यांनी मॅनेजरकडे तक्रार केली. आपल्या भाषेत बोलायचंही नाही का? — एक वाचक

उत्तर : खुशाल बोला. पाचवं माणूस ताट घेऊन शेजारी बसलं की मात्र त्याला समजेल अशा भाषेवर या. कन्नडही शिका, कागल सोडलं की कन्नड पाट्या दिसायला लागतात, कोल्हापूरच्या मुलीला ती परकी कशी? पुण्यात वर्षानुवर्षं राहून मराठी न शिकणाऱ्यांवर आपण चिडतो, तेच माप तिकडे आपल्याला लागतं.

आणि शिफ्टची अदलाबदल, रजा असल्या गोष्टी जेवणाच्या टेबलावर मराठीत ठरवत असाल तर ते आजपासून बंद करा. तक्रार बहुधा त्याचीच असेल.