घरी नर्स पाठवून लहान मुलांची मारहाण थांबते का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत नव्या आईबापांच्या घरी नर्स पाठवतात, त्याने मुलांची मारहाण आणि हेळसांड कमी होते म्हणतात, ते खरं की ती नुसतीच सरकारी पाळत? मी बरीच वर्षं आशाताईंना नवजात बाळाच्या घरभेटींचं प्रशिक्षण देतेय, तेव्हा माझं माप थोडं घरभेटींकडे झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

फरक पडतो. पण कोणत्या घरात पडतो, यात सगळी गोम आहे.

ज्याचा दाखला सगळे देतात तो प्रयोग न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या छोट्या गावातला. १९७०च्या दशकाच्या शेवटी डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने तिथल्या ४०० पहिलटकरणी घेतल्या. बहुतेक वयाने कोवळ्या, अविवाहित किंवा गरीब. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. एका गटाकडे नर्स गरोदरपणात सरासरी ९ वेळा आणि बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत सरासरी २३ वेळा गेली. १५ वर्षांनी सरकारी नोंदी तपासल्या, तर या गटात मुलांच्या छळाच्या आणि हेळसांडीच्या तक्रारी घरभेटी न मिळालेल्या गटाच्या जवळपास निम्म्या. खरं तर ज्या घरात नर्सचा राबता, तिथलं वावगं आधी उघडं पडायचं. तरीही आकडा खालीच.

नर्स काय करते? मुलाच्या अंगावरचे वळ शोधत नाही. आईचं खाणं, झोप, पुन्हा दिवस राहू नयेत याची सोय, शिक्षण, नोकरी यांवर बोलते. बाळ कशाने रडतं ते तिच्याबरोबर बसून बघते. आणि ती येऊ लागते बाळ जन्मायच्या आधीपासून, तोवर कोणाचं काही चुकलेलं नसतं. पाळत आणि मदत यांतला फरक मला तरी इथेच दिसतो.

आपल्याकडच्या घरभेटी मारहाण रोखायला नाही, बाळ जगवायला सुरू झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवलं आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९मध्ये जगापुढे मांडलं. पुढे हेच काम देशभर आशांकडे आलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी, अशा ६ भेटी. वजन, ताप, नाळ, अंगावरचं दूध. आईचा जीव किती मेटाकुटीला आलाय, याला त्या फॉर्मात रकाना नाही.

गंमत बघा. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्यात सगळ्यात जास्त असतं, मग तीन-चार महिन्यांपर्यंत उतरत जातं. म्हणजे आपली शेवटची भेट बरोबर रडण्याच्या ऐन भरात! याच सुमारास सव्वा महिना संपवून पोरगी माहेरून सासरी जाते. गाव बदलतं, आशा बदलते, रात्री बाळ घ्यायला आईही नसते. २०१८पासून ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्याच्या भेटी आल्या, ते चांगलंच झालं. पण मधले सहा-सात आठवडे तसेच राहिले, आणि माझ्या मते धोका तिथेच आहे. वैतागून कोणी बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि बाहेरून बहुतेकदा ओरखडाही दिसत नाही.

एकदा एका आशाताईबरोबर गेले होते. बाळाच्या मांडीवर चिमट्याचा काळानिळा डाग. ताईने तो पाहिला, मला दिसलंच. पण तिने आधी विचारलं, “सकाळपासनं काय खाल्लंस गं?” पोरगी रडायलाच लागली. रात्रभर बाळ किंचाळत होतं, नवरा उसाच्या ट्रॅक्टरवर, सासू म्हणे दूधच पुरत नाही. ताईने वजन करून दाखवलं, बाळ छान वाढत होतं. मग सांगितलं, “डोकं फिरलं की त्याला गोधडीवर निजव, दाराशी जाऊन उभी राहा, दहा मिनिटं. रडून मरत नाही ते.” सासूलाही बसवून तेच ऐकवलं. ताई पुढचा आठवडाभर जाता-येता डोकावत राहिली. त्या चकरांचे पैसे मिळत नाहीत.

सगळीकडे असं जमत नाही. एल्मायराच्याच नोंदींत पुढे दिसलं की ज्या घरात नवऱ्याची किंवा जोडीदाराची मारझोड फार होती, तिथे नर्सच्या भेटींनी मुलांच्या बाबतीत काही फरक पडला नाही. बाईच मार खात असेल तर तिला बाळाचं रडणं समजावून काय होणार? इंग्लंडनेही २००७पासून हा कार्यक्रम कोवळ्या वयाच्या आयांसाठी आणला, पण तिथल्या मोठ्या चाचणीत ठरवलेल्या मुख्य मुद्द्यांवर लाभ दिसला नाही. तिथे प्रत्येक बाळाकडे सरकारी आरोग्यसेविका आधीपासूनच जाते, हे त्याचं एक कारण सांगतात, आणि मला ते पटतं.

तुमच्या शेजारीपाजारी असं घर असेल म्हणून विचारलं असेल, तर बाळ तासभर सांभाळायला मागून घ्या, आईला झोपू द्या. गावच्या आशाताईच्या कानावर घाला. मारहाण डोळ्यांना दिसत असेल तर मात्र थांबू नका, १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा; फुकट आहे, रात्रीही लागतो.