घर गहाण ठेवून खासगी विद्यापीठ?

प्रश्न: मॅडम, आम्ही सोलापूरला विडी घरकुलमध्ये राहतो. मिस्टर यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, पगार २४ हजार. मी कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते. मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, सोलापूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेज मिळालंय. दिरांनी मात्र पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात २५ हजार भरून सीट धरलीय. तिथं फी वर्षाला ३ लाख २० हजार, होस्टेल-मेसचे १ लाख ३० हजार वेगळे. ते म्हणतात, घर तारण ठेवा, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आम्ही ओबीसी आहोत. काय करावं?
— एक आई

उत्तर: ताई, घराला हात लावू नका.

चार वर्षांचे १८ लाख होतात. त्यातले ३ तुम्ही कसेबसे उभे केलेत आणि १५ लाखांचं कर्ज काढलंत, तर १० टक्के व्याजानं दहा वर्षांचा हप्ता महिन्याला २० हजारांच्या घरात जातो. शिक्षण चालू असतानाचं व्याज यात धरलेलंच नाही, ते वर चढतं. बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. 'हप्ता नोकरी लागल्यावर सुरू होतो' असं कुणीतरी सांगितलेलं असतं, आणि आईबाप निर्धास्त सही करतात. पण हप्ता न भरण्याच्या सवलतीची मुदत संपली की हप्ता सुरू होतो, नोकरी लागो न लागो. मिस्टरांच्या २४ हजारांतून २० गेले तर घरात काय उरेल?

आता सोलापूरचं बघा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी, की घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. म्हणजे पुण्याची सीट घेतलीत की हक्काची माफी हातची गेली. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात पडताळणी तयार ठेवा, महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज वेळेत भरा. किरकोळ इतर शुल्कं भरावी लागतील, तेवढी भाकरीच्या पैशातून निघतील.

दिरांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आयटीच्या नोकऱ्या पुण्यात आहेत, सोलापुरात कमी, आणि कॅम्पसला कंपन्याही तिकडं जास्त येतात. पण त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकावर छापलेलं सर्वांत मोठं पॅकेज एका मुलाचं असतं. एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-क्रमवारीला, कॉलेजं मध्यम पगाराचा आकडा देतात (निम्म्या मुलांना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी), तो मागवा. दोन्हीकडचा. मग १८ लाखांचा फरक दिसतो का ते तुम्हीच बघा.

वाचलेल्या पैशांतून तिला चांगला लॅपटॉप घ्या. तिसऱ्या वर्षानंतर पुण्यात इंटर्नशिपसाठी राहायला दोन-तीन महिन्यांचे पैसे बाजूला काढा. घरून बसनं जाऊन शिकणारी पोर कमी पडते, असं माझ्या पाहण्यात नाही.

आणि दिरांनी भरलेले २५ हजार सोडू नका. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, फी परताव्याचे नियम खासगी विद्यापीठांनाही लागू आहेत. लवकर रद्द केलं तर थोडीशी रक्कम कापून बाकीची परत द्यावी लागते, उशीर होईल तशी कपात वाढते. आजच ईमेल करा, पावतीचा फोटो जोडा, आणि विद्यापीठवाले फोनवर काय म्हणाले यावर थांबू नका, उत्तर लेखी मागा.