तोंड दीड बोट उघडतं, हे आधी सांग

नौपाडा, ठाणे

चि. मित्रा,

अनेक आशीर्वाद. वाशीच्या दवाखान्यात दाढ दाखवायला गेलास तर पहिलाच प्रश्न 'गुटखा खातोस का?', आणि तू व्हीलचेअर वळवून सरळ बाहेर आलास, असं आई सांगत होती. मला सुपारीबद्दल विचारतात. राग येणारच. पण त्या प्रश्नामागे आपल्या कामाची एक गोष्ट आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी गुटखा-सुपारीने तोंडाचं आतलं अस्तर ताठर झालेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यामुळे तोंड उघडत नसलेल्या माणसाला नाकातून, दुर्बिणीने, जागेपणी श्वासाची नळी घालायचा सराव इथल्या अनेक भूलतज्ज्ञांना असतो. त्यांना नवे असतात ते आपले स्नायू, एसएमएने, म्हणजे स्नायू दुबळे करत जाणाऱ्या जनुकीय आजाराने अशक्त झालेले. गुटखा खाणाऱ्याचं तोंड बंद असलं तरी त्याची छाती दणकट असू शकते. आपलं तोंडही अडलेलं आणि छातीही अशक्त. ही दोन्ही दुखणी एकाच माणसात आहेत, हे तू स्वतः त्यांना सांगायचंस.

चोविसाव्या वर्षी मी ते सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. फाइलवर 'एसएमए' एवढंच. टेबलावर घेतल्यावर 'आ करा' म्हणाले. माझा आ दीड बोटाचा. सगळे थबकले आणि ऑपरेशन रद्द झालं. घरी येईपर्यंत मी रडत होते. आज मात्र वाटतं, ते थांबले म्हणून मी आहे. 'भूल दिली की जबडा सैल पडेल' असं म्हणून कुणी पुढे गेलं असतं तर? वेदनेमुळे घट्ट मिटलेलं तोंड भुलीनंतर बरेचदा उघडतं. आपले चावायचे स्नायू वर्षानुवर्षं अशक्त राहून आखडलेले असतात, ते औषधाने सैल होत नाहीत. हे वाक्य भूलतज्ज्ञांना न संकोचता ऐकव.

तोंड किती उघडतं तेही आकड्यात सांग. मोठ्या माणसाचं ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, स्वतःची तीन बोटं उभी मावतात. ३५च्या खाली गेलं की कमी धरतात. तुझं १८ आहे म्हणालास, पण ते एकदाच मोजलेलं. दर तीन महिन्यांनी वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीने मोज आणि तारीख घालून लिहून ठेव. फिजिओने शिकवलेला, दातांमध्ये लाकडी काड्या धरून द्यायचा ताण रोज दे, हळू, झटका न देता. माझं तोंड त्याने पुन्हा मोठं झालं नाही, तुला खोटं कशाला सांगू? पण लहान मुलांचा ब्रश अजून आत जातो, आणि गोखले रोडवरून आणलेला वडा मी कुस्करून चमच्याने खाते. एवढं टिकलं ते मला पुष्कळ वाटतं.

आता दाढेचं. जागा बधिर करून भागत असेल तर तेच बरं. पण दाढेपर्यंत हत्यारच पोचत नसेल तर पूर्ण भूल लागेल, आणि 'जागेपणी नळी' ऐकून आईच्या पोटात गोळा आलाय. तिला माझा अनुभव सांग. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी मला टेकवून बसवलं, नाकात-घशात बधिर करणारा फवारा मारला. चव कडू. मग घसा सुजल्यासारखा वाटतो, गिळता येत नाहीसं होतं. खरी भीती त्या क्षणी वाटते. तेव्हा श्वासाकडे लक्ष दे, तो चालू असतो. जागं ठेवायचं कारणच ते आहे. नळी नीट बसेपर्यंत तुझा श्वास तूच घेत असतोस. एक प्रश्न मात्र आधीच विचार, 'नाकातून जमलं नाही तर पुढे काय?' गळ्यातून वाट करावी लागली तर ती कोण करणार, ते सुरुवातीपासून तिथे हजर असायला हवेत.

सक्सिनिलकोलीन हे भुलीत स्नायू सैल करायला देतात ते औषध नको, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिही. आपल्यासारख्यांत त्याने रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकतं. त्याच कामाच्या रोकुरोनियमसारख्या औषधांचा असर आपल्यावर जास्त वेळ राहू शकतो, म्हणून त्याचा उतारा सुगामाडेक्स हाताशी आहे ना, ते विचार.

सगळे नळी घालण्याबद्दल बोलतात, काढण्याबद्दल कुणी बोलत नाही. मला जास्त काळजी त्याची वाटते. आधी फुफ्फुसांची तपासणी करून घे आणि खोकल्याचा जोर मोजून घे. तो मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर आजारपणात खोकल्याला मदत लागू शकते, १६०च्या खाली असेल तर कफ आपला आपण निघणं कठीण. तुझं बायपॅप (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र), मास्क आणि कफ असिस्ट (खोकून कफ काढायला मदत करणारं यंत्र) घरूनच ने. नळी निघाल्याबरोबर बायपॅप लागलं पाहिजे आणि आयसीयूतला पलंग आधी ठरलेला पाहिजे. ऑक्सिमीटरचा आकडा घसरला की नुसता ऑक्सिजन वाढवायचा मोह होतो. आकडा सुधारतो, पण छाती पुरेशी हलत नसेल तर आत कार्बन डायऑक्साइड साठत राहतो आणि माणूस गुंगत जातो. हे आईला समजावून ठेव, कारण त्या वेळी बोलायचं तिलाच आहे.

हे सगळं एका पानावर उतरव. एक प्रत व्हीलचेअरच्या खिशात, एक आईच्या फोनमध्ये. अपरात्री १०८ बोलवावी लागली तर गाडी नेईल तिथे तुला ओळखणारं कुणी असेलच असं नाही, आणि तोंडावर मास्क असताना तुला बोलता येणार नाही.

कच्चं पान रविवारपर्यंत पाठव, मी बघून देते. उद्या सकाळी एकेक नाकपुडी दाबून कोणती जास्त मोकळी आहे ते बघ, तेही त्यात लिही. आणि वाशीच्या त्याच डॉक्टरांकडे परत जा. गुटख्याचं विचारलं तर 'नाही' म्हण, आणि पान पुढे कर.

तुझी,
ताई