अल-उलाला जाण्यापूर्वी

सौदी अरेबियातील अल-उला येथे पहिल्यांदाच जाणार असाल, तर हॉटेल ठरवण्याआधी पंचांग नव्हे, हिजरी दिनदर्शिका पाहावी. कारण रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो आणि त्या महिन्यात दिवसा चारचौघांत पाणी पिणेही टाळावे लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, मात्र वाळवंटातील रात्री बोचऱ्या थंडीच्या असतात, त्यामुळे स्वेटर हवाच. अशार खोऱ्यातील आलिशान रिसॉर्टमध्ये उतरलात, तरी मद्य मिळेल असे गृहीत धरू नये. परदेशी स्त्रियांना अबाया, म्हणजे अंगभर सैल झगा, सक्तीचा नाही. खांदे व गुडघे झाकणारे सैल कपडे पुरेत. दिवाळीनंतर निघणाऱ्यांना खास सांगतो, अनारसे नेऊ नका, त्यांवरची खसखस तिथे अमली पदार्थांत मोडते. अल-उलाजवळच्या हेग्रा या प्राचीन नगरीतील नबातियन (प्राचीन अरब) लोकांची थडगी, 2008 पासूनचे जागतिक वारसास्थळ, मार्गदर्शकासह आणि आगाऊ तिकिटानेच पाहावी लागतात. दुपारनंतरची वेळ घ्यावी, कारण उतरत्या उन्हात एकट्या उभ्या कातळात कोरलेले कस्र अल-फरीद हे थडगे तांबूस होत जाते.